दहा वर्षांहून जुनी आरव्ही घ्यावी का? अमेरिकेतील कॅम्पग्राउंडच्या वयोमर्यादेचा तुलनात्मक आढावा

अमेरिकेत आरव्ही, म्हणजे राहण्याची सोय असलेली मोटरहोम किंवा मोटारीमागे ओढायचा ट्रेलर, विकत घेऊ पाहणारा माणूस किंमत, लांबी आणि इंजिन यांची कसून चौकशी करतो, परंतु "गाडी कोणत्या वर्षीची आहे?" हा प्रश्न त्याला बहुधा पहिल्या आरक्षणाच्या वेळी, फोनच्या दुसऱ्या टोकाकडून ऐकू येतो. अनेक खासगी आरव्ही पार्क, म्हणजे अशा गाड्या मुक्कामाला उभ्या करण्याच्या भाड्याच्या जागा, दहा वर्षांहून जुन्या गाडीला जागा देत नाहीत, आणि काही ठिकाणी ही मर्यादा पंधरा वर्षांची असते. आरव्हीधारकांमध्ये हा प्रकार 'दहा वर्षांचा नियम' म्हणूनच ओळखला जातो. निवृत्तीनंतर किंवा मुलांच्या उन्हाळी सुट्टीत देश पाहण्यासाठी बारा-पंधरा वर्षांची, सुस्थितीतील गाडी कमी पैशांत घ्यावी की जास्त पैसे मोजून तीन-चार वर्षांची घ्यावी, या पेचात सापडलेल्या तिथल्या मराठी कुटुंबांसाठी हा आढावा आहे.

प्रथम हे स्पष्ट असावे की हा सरकारी नियम नाही. दिल्लीत दहा वर्षांपुढील डिझेल आणि पंधरा वर्षांपुढील पेट्रोल गाड्यांवर आलेले निर्बंध न्यायालयीन आदेशांतून आले आणि त्यांचा आधार प्रदूषण हा होता. अमेरिकेतील आरव्ही पार्कची मर्यादा मात्र जागेच्या मालकाने स्वतःच्या व्यवसायासाठी घातलेली अट असते. तिला कायद्याने आव्हान देणेही कठीण आहे, कारण १९६४ चा नागरी हक्क कायदा सार्वजनिक सेवास्थळी वंश, वर्ण, धर्म आणि राष्ट्रीय मूळ यांवरून होणारा भेदभाव रोखतो. गाडीचे वय त्यात बसत नाही. याची दुसरी बाजू अशी की मालकाने घातलेली अट मालक शिथिलही करू शकतो, आणि प्रत्यक्षात तसे वारंवार घडते. (जाहिरातीत '५५ अधिक' असे लिहिलेले दिसले, तर ती अट गाडीच्या नव्हे, राहणाऱ्यांच्या वयाची असते. या दोन्ही अटी एकाच पार्कमध्ये असू शकतात.)

मालकांची कारणे अगदीच पोकळ नाहीत. महिन्याच्या भाड्याने आलेली मोडकी गाडी भाडे थकवून तिथेच सोडून दिली जाते, आणि मग ती ओढून नेण्याचा व मोडीत काढण्याचा खर्च पार्कच्या माथी येतो. गळणारी सांडपाण्याची टाकी, कुजलेली गॅसची नळी किंवा जुनी वायरिंग यांचा धोका शेजारच्या गाड्यांनाही असतो. शिवाय दीड-दोन लाख डॉलरची गाडी घेऊन आलेल्या ग्राहकाला शेजारी रंग उडालेली गाडी नको असते, हे कारण कोणी उघडपणे सांगत नसले तरी आलिशान रिसॉर्टमध्ये बहुधा तेच मुख्य असते. माझ्या मते वर्ष हे गाडीच्या प्रकृतीचे फार ढोबळ माप आहे. लाकडी सांगाड्याचा स्वस्त ट्रेलर छतातून पाणी झिरपल्यास पाच वर्षांत आतून सडतो, तर ॲल्युमिनियमच्या पत्र्याची, नीट राखलेली एअरस्ट्रीम कंपनीची ट्रेलर-गाडी चाळीस वर्षांनंतरही डौलात उभी असते. पण फोनवर आरक्षण घेणाऱ्या व्यवस्थापकाला छत तपासता येत नाही, वर्ष मात्र विचारता येते. तरीही नियम दहा वर्षांचा असलेली काही रिसॉर्ट जुन्या, सजवलेल्या एअरस्ट्रीमला आनंदाने जागा देतात.

खासगी रिसॉर्ट आणि सरकारी कॅम्पग्राउंड

जुनी की नवी या प्रश्नाचे उत्तर गाडीपेक्षा मुक्कामाच्या पद्धतीवर अधिक अवलंबून आहे, आणि बहुतेक खरेदीदार हा विचार उलट्या क्रमाने करतात. फ्लोरिडा, ॲरिझोना, दक्षिण कॅलिफोर्निया आणि टेक्सासचे रिओ ग्रँड खोरे हे हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या 'स्नोबर्ड' मंडळींचे प्रदेश. तेथील रिसॉर्टमध्ये वीज, पाणी आणि सांडपाणी या तिन्ही जोडण्या, पोहण्याचा तलाव, क्लबहाउस अशा सोयी असतात, आणि वयाची अटही तेथेच अधिक आढळते. एका रात्रीपुरत्या थांबणाऱ्याकडे पुष्कळदा काणाडोळा केला जातो. महिन्याच्या किंवा संपूर्ण हंगामाच्या भाड्याची गोष्ट निघाली की अट कडक होते. याहून वरच्या श्रेणीतील काही ठिकाणी तर क्लास ए, म्हणजे बससारख्या मोठ्या मोटरहोमखेरीज इतर गाड्यांना, त्या कोऱ्या असल्या तरी, प्रवेश नसतो. १९६२ मध्ये मॉन्टॅनातील बिलिंग्जजवळ सुरू झालेल्या केओए (कॅम्पग्राउंड्स ऑफ अमेरिका) सारख्या साखळीतील बहुसंख्य कॅम्पग्राउंड स्वतंत्र मालकांकडून फ्रँचायझी तत्त्वावर चालवली जातात, त्यामुळे एका गावातील अनुभव दुसऱ्या गावी लागू पडेल असे धरून चालू नये.

सरकारी जागांचे चित्र अगदी वेगळे आहे. राष्ट्रीय उद्याने, राज्य उद्याने, वनखात्याची कॅम्पग्राउंड आणि आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सची, म्हणजे लष्कराच्या अभियांत्रिकी दलाची, धरणांकाठची कॅम्पग्राउंड येथे सहसा कोणी गाडीचे वर्ष विचारत नाही. विचारली जाते ती लांबी. योसेमिटीच्या अप्पर पाइन्स कॅम्पग्राउंडमध्ये मोटरहोमसाठी ३५ फूट आणि ट्रेलरसाठी २४ फूट ही मर्यादा आहे. ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातील गोइंग-टू-द-सन रस्त्यावर ॲव्हलांच ते रायझिंग सन या टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब किंवा ८ फुटांपेक्षा रुंद वाहन नेता येत नाही. यलोस्टोनच्या फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कमध्ये अस्वलांच्या वावरामुळे फक्त टणक भिंतींच्या गाड्यांना परवानगी आहे. म्हणजे कापडी भिंतींचा कोरा करकरीत पॉप-अप ट्रेलर तेथे परत पाठवला जाईल, आणि वीस वर्षांपूर्वीची धडधाकट व्हॅन आत जाईल. ज्यांना मुख्यतः उद्याने पाहायची आहेत, त्यांनी चाळीस फुटी नव्या गाडीपेक्षा पंचवीस फुटी जुनी गाडी घेणे अधिक शहाणपणाचे ठरते, आणि ही बाब विक्रेता आपण होऊन सांगत नाही.

या मोकळेपणाची किंमत सोयींत मोजावी लागते. राष्ट्रीय उद्यानांतील बहुतेक कॅम्पग्राउंडमध्ये कोणतीही जोडणी नसते, जनरेटर ठरावीक तासांतच चालवता येतो, मुक्काम साधारणपणे चौदा दिवसांपुरता मर्यादित असतो आणि लोकप्रिय ठिकाणांचे आरक्षण अनेक महिने आधी करावे लागते. आर्मी कोअरची कॅम्पग्राउंड हा मला सर्वांत दुर्लक्षित पर्याय वाटतो: पाण्याचा काठ, बऱ्याच ठिकाणी विजेची जोडणी आणि माफक दर. वयाची ६२ वर्षे पूर्ण केलेले अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक ८० डॉलरमध्ये आजीवन सीनियर पास घेऊ शकतात, आणि तो दाखवल्यास संघराज्य सरकारच्या अनेक कॅम्पग्राउंडमध्ये भाडे निम्मे होते. मुलांकडे ग्रीन कार्डवर आलेल्या आई-वडिलांनाही हा पास मिळतो. पर्यटक व्हिसावर आलेल्यांना मिळत नाही.

संपूर्ण हिवाळा एका जागी काढायचा असेल आणि गाडी जुनी असेल, तर ॲरिझोनातील क्वार्ट्झसाइटजवळचे ला पोसा हे उदाहरण पाहावे. ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या खात्याच्या या वाळवंटी जागेत हंगामी परवान्यावर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा संपूर्ण हंगाम राहता येते. वीज सौर पॅनेलवर, पाणी भरून आणायचे, सांडपाणी डम्प स्टेशनवर नेऊन रिकामे करायचे. ज्यांना रोज गरम पाण्याने सावकाश अंघोळ हवी, त्यांना हे मानवणार नाही.

पैशांचा हिशोब

नव्या आरव्हीची किंमत पहिल्या काही वर्षांत सर्वांत वेगाने घसरते, त्यामुळे दहा-बारा वर्षांच्या गाडीत ती झळ आधीच्या मालकाने सोसलेली असते. उलटपक्षी, दहा-पंधरा वर्षांहून जुन्या गाडीला कर्ज देण्यास अनेक बँका तयार नसतात, म्हणजे रक्कम रोख लागते. छत, खिडक्यांचे सांधे आणि टायर यांवर लगेच खर्च येऊ शकतो. टायरवर नक्षी शिल्लक असली तरी त्याच्या कडेवरील डॉट (अमेरिकी वाहतूक खात्याच्या) क्रमांकाचे शेवटचे चार अंक वाचावेत: ३५१४ म्हणजे २०१४ चा पस्तिसावा आठवडा, आणि असा टायर बदलणेच योग्य. जुन्या गाड्यांची विजेची जोडणी बहुधा ३० अँपिअरची, म्हणजे ३,६०० वॅटची असते, तर मोठ्या नव्या गाड्यांची ५० अँपिअरची, म्हणजे १२,००० वॅटची. फिनिक्सच्या उन्हाळ्यात दोन वातानुकूलन यंत्रे एकदम चालवायची असतील तर हा फरक जाणवेल; अन्यथा नाही.

वयोमर्यादेच्या दृष्टीने सर्वांत अवघड खरेदी आठ-नऊ वर्षांच्या गाडीची आहे. तिची किंमत अजून पुरेशी उतरलेली नसते, आणि एक-दोन हंगामांतच ती मर्यादा ओलांडते. रिसॉर्टमध्ये नियमित राहायचे असेल तर चार वर्षांच्या आतली गाडी घ्यावी. राहायचे नसेल तर सरळ बारा वर्षांची. मोटरहोमच्या बाबतीत सांगाडा (चासी) एका वर्षी आणि वरचे घर पुढच्या वर्षीचे मॉडेल म्हणून नोंदलेले असू शकते, म्हणून पार्क कोणते वर्ष मोजतो हे विचारून घ्यावे. वर्ष खोटे सांगण्याचा मोह मात्र टाळावा, कारण आल्यावर नोंदणीपत्र मागितले गेले तर मुक्काम नाकारला जातो आणि भरलेली आगाऊ रक्कमही जाऊ शकते. वर्षाला दोन-तीन आठवडेच फिरणाऱ्यांनी तर विकत न घेता भाड्याची गाडी पाहावी. मोठ्या भाडे कंपन्यांच्या गाड्या सहसा नव्या असतात आणि हा सगळा प्रश्नच उरत नाही.

जुनी गाडी घेऊन एखाद्या विशिष्ट रिसॉर्टमध्येच राहण्याची इच्छा असल्यास, खरेदीपूर्वीच व्यवस्थापकाला गाडीची चारही बाजूंची, तारखेसह अलीकडची छायाचित्रे पाठवून परवानगी मागावी. ती ईमेलवर लेखी घ्यावी, आणि सवलत फक्त या हंगामापुरती आहे की पुढच्या वर्षीही कायम राहील, तसेच पार्कचा मालक बदलल्यास तिचे काय होईल, याचा उल्लेख त्या उत्तरात करून घ्यावा.