पॅनेल पीसी अपग्रेड : ७७ वॅट की ४५, आणि २३० व्होल्ट की २४?

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत आमचं हळद दळायचं युनिट आहे. कंट्रोल पॅनेलच्या दारावर १५ इंची टच पॅनेल पीसी (स्क्रीनमागेच बसवलेला कॉम्प्युटर), आत एच-६१ चिपसेटचा बोर्ड, त्यावर पेंटियम जी-६२० प्रोसेसर आणि पाठीला २३० व्होल्टचा चपटा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय. स्काडात, म्हणजे मशिनरीवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ट्रेंड आणि बॅच रिपोर्ट वाढवले तसा पेंटियम धापा टाकायला लागला आणि त्याच सुमारास एसएमपीएसनेही मान टाकली. नवा पीसी घ्यायचा तर लायसन्स आणि सीरियल कार्ड सगळंच नव्याने मांडायचं, म्हणून आहे त्याच डब्यात जीव भरायचं ठरवलं. विंडोज ११ साठी कुणी हा खटाटोप करणार असेल तर इथेच थांबा. या बोर्डाच्या सॉकेटवर बसणारा एकही प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही.

दोन जोड्या मी वापरल्या. पहिली, आय-सेव्हन ३७७० प्रोसेसर आणि तसाच चपटा, 'फ्लेक्स' आकाराचा एसएमपीएस. दुसरी, त्याचाच कमी तापणारा भाऊ ३७७०-टी आणि पॅनेलमधल्या २४ व्होल्टवर चालणारा डीसी-डीसी बोर्ड, म्हणजे त्या २४ व्होल्टवरून पीसीला लागणारे व्होल्टेज बनवणारा बोर्ड.

प्रोसेसरवर फार बोलण्यासारखं नाही. दोन्हींना चार कोअर, आठ थ्रेड. उष्णतेच्या हिशेबात साधा ३७७० हा ७७ वॅटचा, टी ४५ वॅटचा. महिन्याचा रिपोर्ट पहिल्यावर चहाच्या एका घोटात उघडायचा, टीवर दोन घोट लागतात. पण मे महिन्यात दुपारी दोननंतर पॅनेलचं दार हाताला चटका देतं तेव्हा ही आघाडी उरत नाही. मूळचा हीटसिंक ६५ वॅटच्या पेंटियमसाठी घडवलेला, त्यात इंटेलने या पिढीत झाकणाखाली सोल्डरऐवजी पेस्ट वापरली, त्यामुळे उष्णता आतच कोंडते आणि प्रोसेसर स्वतःहून वेग उतरवतो. पॅनेलला एसी असेल तर ६५ वॅटचा ३७७०-एस हा मधला मार्गही वाईट नाही. एवढं मात्र करा : जुना प्रोसेसर काढायच्या आधीच बायोस आणि एमई फर्मवेअर (बोर्डाच्या चिपसेटमधलं इंटेलचं सॉफ्टवेअर) अपडेट करून घ्या. मी उलट्या क्रमाने गेलो, काळी स्क्रीन बघितली आणि थर्मल पेस्ट दोनदा लावली.

खरा निकाल लागला तो पॉवर सप्लायवर, आणि तोही एका ४० मिलिमीटरच्या पंख्यामुळे.

फ्लेक्स एसएमपीएसचा हा पंखा आकाराने रुपयाच्या नाण्याच्या जेमतेम दुप्पट, पण आवाज डासांच्या थव्यासारखा. आवाज चालवून घेतला असता. पण हळदीची पूड काही सिमेंटच्या धुळीसारखी कोरडी नसते. तिच्यात तेल असतं. ती पात्यांवर बसते, पापुद्रा धरते आणि महिन्याभरात पंख्यावर पिवळी पुटं चढतात. एसएमपीएस तापतो, स्वतःला बंद करतो आणि ऑपरेटर अण्णांचा फोन येतो, “टीव्ही गेला बघा परत.” पीसीला ते टीव्हीच म्हणतात.

मग दार उघडायचं, आठ क्लॅम्प सोडायचे, पीसी बाहेर ओढायचा, मागचं झाकण काढायचं, ब्रशने पंखा साफ करायचा आणि सगळं उलट्या क्रमाने बसवायचं. गॅस्केट एकदा दबलं की पुन्हा पहिल्यासारखं बसत नाही. म्हणजे दर साफसफाईला समोरून पूड शिरायची वाट थोडी रुंद होते. आठ महिन्यांत हे किती वेळा केलं ते मोजलं नाही, पण त्या क्लॅम्पच्या ॲलन कीने खिशाला भोक पाडलं.

दुसरं दुखणं पल्व्हरायझरचं, म्हणजे दळणाऱ्या मशीनचं. ४० एचपीची मोटर सुरू होताना स्टार जोडणीवरून डेल्टावर जाते तेव्हा व्होल्टेज क्षणभर डुबकी मारतं. बहुतेक वेळा एसएमपीएस ते पचवायचा. कधीकधी मात्र अडून बसायचा आणि मेन स्विच बंद करून मिनिटभर थांबल्याशिवाय पुन्हा चालूच व्हायचा नाही. सगळेच असं करत असतील असं मी म्हणणार नाही. माझ्या वाट्याला आलेला करायचा.

डीसी-डीसी बोर्डाला पंखाच नाही. ४५ वॅटच्या प्रोसेसरला त्याची गरजही पडत नाही, म्हणून माझ्या मते या दोन वस्तू जोडीनेच घ्याव्यात. २४ व्होल्टच्या मागे १२ व्होल्टच्या दोन एसएमएफ (पाणी न लागणाऱ्या सीलबंद) बॅटऱ्या सिरीजमध्ये ठेवल्या, त्यामुळे डुबकी पीसीपर्यंत पोचतच नाही. तिसरा हंगाम चालू आहे. मागचं झाकण वर्षातून एकदा, पाडव्याच्या आधी उघडतो.

या वाटेलाही काटे आहेत. बॅटऱ्या फ्लोटवर, म्हणजे भरून सतत चार्जिंगवर, असल्या की लाइन २७ व्होल्टच्या वर जाते. बाजारातले काही बोर्ड १६ ते २४ व्होल्टचेच असतात, ते इथे जळतील. निदान ३० व्होल्टपर्यंत झेपणारा बघा. सोलेनॉइड आणि रिले ज्या एसएमपीएसवर आहेत त्यावरच पीसी टांगू नका, त्याला वेगळा द्या. डिस्प्लेच्या बॅकलाइटसह माझा पीसी चार अँपिअरच्या आसपास खातो, म्हणून १० अँपिअरचा डिन रेल (पॅनेलमधल्या पट्टीवर बसणारा) एसएमपीएस आणि अडीच स्क्वेअर मिलिमीटरची वायर घेतली. खर्चही फ्लेक्सपेक्षा जास्त झाला, बॅटऱ्या धरल्या तर चांगलाच.

तुमचा पीसी काचेच्या, एसी लावलेल्या कंट्रोल रूममध्ये असेल तर हा सगळा व्याप कदाचित वाया जाईल. तिथे ३७७० आणि फ्लेक्स एसएमपीएस सुखाने नांदेल. पूड, कणी, भुसा, साखरेची धूळ असेल तिथे मात्र मी दुसऱ्या जोडीकडेच बोट दाखवेन.

आणि झाकण उघडलंच आहे तर बोर्डावरचा सीआर-२०३२ सेल बदलून टाका. तो मेला की वीज आल्यावर आपोआप चालू व्हायचं बायोसमधलं सेटिंग पुसलं जातं. मग बॅटरी, बोर्ड सगळं ठणठणीत असूनही लांबलेल्या लोडशेडिंगनंतर अण्णांचा फोन येतोच.