स्टीलचा कँडल फिल्टर: लहान मूल असलेल्या घरात कितपत उपयोगी?

भांड्यांच्या दुकानात मिळणारा, विजेशिवाय चालणारा दोन डब्यांचा फिल्टर. वरच्या डब्यात पांढऱ्या सिरॅमिक कँडल, खालच्या डब्याला तोटी. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर जरूर घ्यावा, मात्र एकट्या त्याच्यावर विसंबू नये.

त्याचं मोल क्रिप्टोस्पोरिडियम या जुलाब घडवणाऱ्या सूक्ष्म परजीवीमुळे कळतं. आफ्रिका आणि दक्षिण आशियातल्या सात ठिकाणी (त्यात कोलकाताही होतं) झालेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तान्ह्या बाळांच्या मध्यम ते तीव्र जुलाबांच्या कारणांमध्ये रोटाव्हायरसच्या खालोखाल हाच परजीवी होता. त्याचं कवच इतकं चिवट असतं की पिण्याच्या पाण्यात टाकतात तेवढ्या क्लोरिनने तो मरत नाही. अमेरिकेत मिलवॉकी शहरात 1993 मध्ये क्लोरिन घातलेलं नळाचं पाणी पिऊन याच परजीवीमुळे सुमारे चार लाख लोक आजारी पडले. पण आकाराने तो 4 ते 6 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), जुलाब करणारा दुसरा परजीवी जिआर्डिया त्याहून मोठा. बारीक छिद्रांची कँडल दोघांनाही अडवते. खोक्यावर ‘1 मायक्रॉन अ‍ॅब्सोल्यूट’ किंवा त्याहून कमी लिहिलेलं बघा. ‘नॉमिनल’ लिहिलं असेल तर काही मोठे कणही निसटतात.

विषाणू मात्र कँडलमधून आरपार जातात. म्हणून खालच्या डब्यातलं पाणी वेगळ्या झाकणाच्या भांड्यात काढून त्यात बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात मेडिक्लोर (पाण्यात घालायचं क्लोरिनचं द्रावण) घालावं आणि अर्धा तास थांबावं. क्रम उलटा नको: गढूळ पाण्यात क्लोरिन मातीवरच खर्च होतं. पावसाळ्यात पाणी आधी चार पदरी सुती कापडातून गाळा, नाहीतर कँडल लवकर तुंबते.

बिघाड बहुतेक वेळा वॉशरपाशी होतो. नट सैल राहिला की वरचं पाणी न गाळताच खाली उतरतं. फिल्टर अचानक भराभर वाहू लागला तर ते चांगलं लक्षण नव्हे, वॉशर तरी सरकलाय किंवा कँडलला तडा तरी गेलाय. भिजलेली कँडल पाण्यात बुडवून दांडीतून फुंकर मारा; एकाच जागेतून बुडबुड्यांची धार आली तर कँडल फेकून द्या. घासताना मऊ ब्रश आणि साधं पाणी, साबण नको. खालचा डबा आणि तोटी मात्र साबणाने धुवावी, तिथे बुळबुळीत थर साचतो.

धार मंद असल्याने मोठ्या कुटुंबाला हा फिल्टर पुरत नाही. तेव्हा निदान मुलाचं पाणी खळखळून एक मिनिट उकळा, त्याने परजीवी आणि विषाणू दोन्ही मरतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला यातलं पाणीही नको, फक्त आईचं दूध. शी धुतल्यावर हात साबणानेच धुवा, सॅनिटायझरने क्रिप्टोस्पोरिडियम मरत नाही. आणि जुलाब चौदा दिवसांवर गेले तर शौचाच्या तपासणीत क्रिप्टोस्पोरिडियम बघायला डॉक्टरांना मुद्दाम सांगा, कारण नेहमीच्या तपासणीत तो सहसा सापडत नाही.