युनिफॉर्मचं सॅम्पल कॉटनचं, माल भलताच

सोलापुरात युनिफॉर्मच्या खरेदीत कुणी फसलं, हे बाहेरगावच्या माणसाला पटणार नाही. शाळांचे, हॉस्पिटलांचे, हॉटेलांचे युनिफॉर्म आपल्या शहरात शिवून देशभर जातात. नेमक्या याच नावाचा फायदा घेऊन एका एजंटाने आमच्या पतसंस्थेला गंडवलं. नवीन आर्थिक वर्षाच्या तोंडावर बऱ्याच ऑफिसांमध्ये ड्रेसचा विषय निघतो, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आम्हाला हवं होतं ते साधंच. पुरुषांना फिकट निळा कॉटनचा फुल शर्ट आणि चिनोज पँट, महिलांना त्याच कापडाचा कॉलरवाला कुर्ता आणि पँट. टाय नको, कोट नको. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, लाइट जाते, आणि काउंटरवरच्या माणसाला तरीही दिवसभर बसावं लागतं. एजंटाने आणलेलं सॅम्पल खरोखर उत्तम होतं. कापड मऊ, कॉलर नीट बसलेली, आतली शिलाई सरळ. भाव बाजारापेक्षा थोडाच कमी, त्यामुळे संशय यावा असंही काही नव्हतं. त्याने टेप आणून एकेकाचं माप घेतलं; छाती, शोल्डर, बाहीची लांबी, आसन, सगळं वहीत लिहिलं. निम्मी रक्कम ॲडव्हान्स मागितली आणि बाकीची माल उतरवताना. सॅम्पल मात्र ‘कारखान्यात दाखवायला लागतं’ म्हणून परत नेलं. आमच्या शिपायाने ट्रायलसाठी घातलेला एक शर्ट तेवढा ऑफिसात राहिला, म्हणून आज हातात काहीतरी पुरावा आहे.

माल वेळेवर आला, प्रत्येक पाकिटावर नावाची चिठ्ठी. घाईघाईत चेक घेऊन तो गेला. दुसऱ्या दिवशी सगळे नवीन ड्रेस घालून आले, तेव्हा काय झालंय ते दिसलं. आमचे कॅशियर उंच आणि सडपातळ, वसुलीचे साहेब बुटके आणि अंगाने भरलेले. दोघांच्या बाह्या मोजल्या तर एकाच लांबीच्या. एकाची मनगटाच्या वर, दुसऱ्याची बोटांवर. कॉलरच्या आत बघितलं तर जुनं लेबल उसवल्याच्या दोऱ्याच्या खुणा, त्यावर नवीन लेबल शिवलेलं. कुणाच्या तरी जुन्या ऑर्डरचा पडून राहिलेला रेडिमेड माल साइज बघून आमच्या नावाने वाटला होता. वहीतल्या मापांचा काही उपयोगच केलेला नव्हता.

महिलांचं तर फार वाईट झालं. कुर्त्याला टक्स नाहीत, मुंढा एवढा घट्ट की वरच्या कपाटातली फाइल काढायला हात वर केला की काखेत ओढ बसते, आणि छातीवर दोन बटणांच्या मध्ये फट पडते. मुली दिवसभर ओढणी सावरत बसल्या. ज्या ड्रेसमध्ये बाईला लोकांसमोर अवघडायला होतं, तो ऑफिसचा ड्रेस म्हणून तिच्या अंगावर घालणं मला मान्य नाही. पँट सैल करून घ्याव्यात म्हणून ओळखीच्या टेलरकडे नेल्या, तर त्याने शिवण उलटून दाखवली: आत माया, म्हणजे शिवणीतलं जादा कापड, सोडलेलीच नाही, सैल करणार कुठून?

पहिल्या धुण्यात कॉलरवर फुगे आले. मग टेलरने दोन्ही शर्टांच्या कापडाचा एकेक दोरा काढून काडीने पेटवला. ट्रायलच्या शर्टाचा दोरा कागदासारखा जळाला आणि त्याची राख बोटात चुरली. आलेल्या मालाचा दोरा वितळून त्याचा काळा कडक मणी झाला. म्हणजे कॉटनच्या भावात पॉलिस्टर.

फोन आधी उचलला जायचा, मग बंद. कोटेशनवरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर तो भलत्याच नावाच्या धंद्याचा निघाला. ही तपासणी फुकट आहे आणि मिनिटभरात होते. महाराष्ट्रातला नंबर २७ ने सुरू होतो, एकूण १५ अंक-अक्षरं असतात, पण तेवढं जुळणं पुरेसं नाही. पोर्टलवर दिसणारं नाव आणि बिलावरचं नाव एकच आहे का, ते बघा. पोलिसांत अर्ज दिलाय, वकिलाची नोटीसही गेली. ग्राहक आयोगाकडे जायचं तर अडचण अशी की २०१९ च्या कायद्यात व्यावसायिक कारणासाठी केलेली खरेदी ‘ग्राहक’ या व्याख्येत बसत नाही, त्यामुळे संस्थेच्या खरेदीवर आधी तिथूनच वाद सुरू होतो. स्वतःच्या खिशातून ड्रेस घेणाऱ्याला मात्र १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

आता नवीन ऑर्डर दिलीय, शहरातल्याच एका कारखानदाराला, कारखाना डोळ्यांनी बघून. पसंत केलेल्या सॅम्पलचे दोन नग. दोन्हींवर दोघांच्या सह्या, एक आमच्या कपाटात सीलबंद. ऑर्डरवर कापड कोणतं, कॉटन किती टक्के, आकसलं तर बदलून देणार का, सगळं लिहून घेतलं. आधी प्रत्येक साइजचा एक नग मागवला आणि तो घालून खुर्चीत बसायला, वाकायला, हात वर करायला लावलं. शोल्डरची शिवण खांद्याच्या हाडावर येते का आणि कॉलरचं बटण लावल्यावर आत दोन बोटं जातात का, तेही बघितलं. एक शर्ट धुऊन, वाळवून परत मोजला. शेवटची रक्कम प्रत्येकाने आपला ड्रेस घालून सही केल्यावरच द्यायची, असं ठरलंय. कारखानदाराने एका शब्दानेही कुरकुर केली नाही.