शेतराखणीच्या बंदुकीसोबत वापरलेला इअरमफ : अभिप्राय

रावेर तालुक्यात केळी आणि मका राखताना रानडुकरे पिटाळण्यासाठी शेतीसंरक्षण परवान्याच्या बारा बोअर बंदुकीने हवेत बार काढावा लागतो आणि नंतर बराच वेळ कानात शिट्टी वाजत राहते. म्हणून जळगावच्या एका दुकानातून हजार रुपयांच्या आतला, कारखान्यात वापरतात तसला, दोन्ही कान झाकणाऱ्या वाट्यांचा इअरमफ घेतला.

अशा बाराचा आवाज 150 डेसिबलच्या पुढे जातो आणि 140 च्या वर एकाच बाराने कान कायमचा अधू होऊ शकतो. खोक्यावर 25 डेसिबलची घट छापली आहे, पण ती प्रयोगशाळेतली; चष्म्याची काडी वाटीच्या गादीखाली आली की फट राहते. आत फोमचे बोळे घालून वर इअरमफ चढवल्यावर मात्र शिट्टी बंद झाली. उजवी वाटी दस्त्याला अडते, त्यामुळे गाल नीट टेकत नाही. त्याहून मोठी अडचण अशी की मक्यातली सळसळ ऐकू येत नाही, आणि राखणदाराचे अर्धे काम तर कानांवरच चालते.

अमेरिकेतील सायलेन्सरचे, म्हणजे बाराचा आवाज कमी करण्यासाठी बंदुकीच्या नळीला लावायच्या जोडणीचे, समर्थक इअरमफच्या नेमक्या याच अडचणीवर बोट ठेवतात. तेथे 1934 च्या कायद्याने सायलेन्सरवर बसवलेला 200 डॉलरचा कर कधी वाढला नाही आणि 1 जानेवारी 2026 पासून तो शून्य झाला. बोटांचे ठसे, छायाचित्र आणि नोंदणी मात्र कायम आहे. करच उरला नसेल, तर कर बसवण्याच्या अधिकारावर उभी असलेली नोंदणी कशी टिकेल, हा वाद आता न्यायालयात आहे. विरोधक 2019 च्या व्हर्जिनिया बीच येथील गोळीबाराचा दाखला देतात, कारण हल्लेखोराकडे सायलेन्सर होता. सायलेन्सरने आवाज साधारण 20 ते 35 डेसिबलनेच उतरतो (चित्रपटातली फुसकी विसरावी), म्हणजे कानापुरते पाहिले तर चांगला इअरमफही जवळपास तेवढेच काम करतो.

आपल्याकडे 2016 च्या शस्त्र नियमांनी सायलेन्सरची जोडणी प्रतिबंधित वर्गात ठेवली आहे आणि मला ते रास्त वाटते. यावल अभयारण्याच्या कडेच्या गावांना चोरट्या शिकारीची चाहूल बाराच्या आवाजानेच लागते. तो आवाज कर भरून कमी करण्याची मुभा मिळाली, तर ती पहिल्यांदा कोण घेईल हे सांगायला नको.

घ्यायचाच असेल, तर पातळ वाटीचा आणि सुटी गादी मिळणारा इअरमफ पाहावा, कारण मे महिन्याच्या घामाने माझ्या गादीचे रेक्झिन तडकले आणि दुकानदाराकडे नुसती गादी मिळाली नाही.