वायर न सोलता गाडीचा डेटा: कॅन क्लिप आठ महिने वापरल्यावर

आमच्या चार गाड्या आहेत, इचलकरंजीहून भिवंडीला कापडाचे तागे आणि येताना सूत नायतर जे मिळेल ते. तीन बीएस६, एक जुनी. जीपीएस होतंच पण ते नुसतं गाडी कुठं आहे ते सांगतं, डिझेल कुठं गेलं ते सांगत नाही, आणि माझं सगळं दुखणं तेच. एकाच रूटवर एक गाडी ॲव्हरेज देते आणि दुसरी देत नाही, म्हणजे ड्रायव्हर डिझेल काढतोय, हा माझा पक्का समज. चोर पकडायला म्हणूनच ही क्लिप घेतली.

कॅन म्हणजे गाडीतले छोटे कॉम्प्युटर ज्या दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात ती लाईन. ट्रॅकर (जीपीएसची डबी) थेट या वायरी सोलून जोडता येतो, स्वस्तातही पडतं, पण सोललेल्या तांब्यावर दोन पावसाळ्यात हिरवं चढतं आणि मग ब्रेकच्या एबीएसचा दिवा का लागतोय ते शोधत बसा. शिवाय गाड्या वॉरंटीत. ही क्लिप म्हणजे कपड्याच्या चिमट्यासारखी डबी, आत दोन खाचा, एकीत कॅन हाय बसवायची, दुसरीत कॅन लो, इन्सुलेशनला नखसुद्धा लावायचं नाही. दोन्ही वायरी शांत असताना अडीच व्होल्टच्या आसपास असतात, गाडी बोलायला लागली की एक साडेतीनकडे जाते, दुसरी दीडकडे उतरते, आणि ट्रकच्या जे१९३९ मध्ये (ट्रकमधले कॉम्प्युटर ज्या ठरलेल्या भाषेत बोलतात ती) हे सेकंदाला अडीच लाख बिटांनी चालतं (नव्या काही गाड्यांत पाच लाख). क्लिप हा चढउतार वरच्या वरून ओळखते आणि ट्रॅकरला परत कॅनमध्येच देते. अर्थ लावायचं काम ट्रॅकरचं, त्यामुळं ट्रॅकरला जे१९३९ कळतं का ते आधी विचारा, नायतर चिमटा नुसता शोभेला. टेल्टोनिका, टेक्नोटन अशा कंपन्यांच्या येतात, माझी कुठली ते सांगत नाही कारण पुढं रडगाणं आहे.

बसवण्यातच दोन रविवार गेले. इलेक्ट्रिशियननं पहिल्यांदा ओबीडी पोर्टच्या (मेकॅनिक लॅपटॉप लावतात त्या सॉकेटच्या) मागच्या वायरींवर लावली, डेटा शून्य. का, तर आमच्या गाडीत पोर्टच्या आधी गेटवे, म्हणजे डेटा अडवणारा दरवान, आहे, लॅपटॉप लावून विचारल्याशिवाय तिथं कोण बोलतच नाही. मग डॅशबोर्ड उघडून मीटरमागची एकमेकींना पीळ दिलेल्या दोन वायरींची जोडी शोधली. मला कळलेली युक्ती सांगतो, बॅटरी काढून दोन वायरींमध्ये मल्टिमीटर लावायचा, साठ ओहम दाखवला तर ती कॅनची जोडी, कारण दोन्ही टोकांना १२०-१२० चे रेझिस्टर असतात. (हे कनेक्टरच्या मागून मोजायचं, परत सुई टोचली तर काय उपयोग.) जोडी सापडली तरी डेटा तुटक. तर इलेक्ट्रिशियननं काळ्या टेपवरूनच चिमटा दाबलेला! टेप काढली, क्लिपपुरता दोन बोटं पीळ उकलला, बाकी तसाच ठेवला, वायरी अदलाबदल करून बघितल्या, तेव्हा कुठं इंजिनचा आरपीएम दिसला.

आता चोराची गोष्ट. दुसऱ्याच आठवड्यात रात्री साडेबाराला अलर्ट, डिझेल १८ लिटर कमी, गाडी खंबाटकी घाटात उभी. मी झोपेतनं उठून त्या गाडीच्या ड्रायव्हरला, आमच्या मामांना, फोन लावला, आवाज चढवूनच. मामा शांतपणे म्हणाले, "मालक, जाम लागलाय, गाडी चढाला उभी हाय, हितं टाकी कोण उघडतंय?" पाऊण तासानं गाडी सपाटीला आली आणि १८ लिटर आपोआप परत आले. टाकीतला लेव्हल मोजणारा फ्लोट कलला होता एवढंच. माझं तोंड बघण्यासारखं झालं. आणि कॅनवर लेव्हल ०.४ टक्क्याच्या पायरीनं येते, साडेतीनशे लिटरच्या टाकीत एक पायरी म्हणजे १.४ लिटर, वर डिझेल हिंदकळतंय, त्यामुळं पाच-सात लिटर कोणी काढले तर यात कळणार नाही, कळेल म्हणणारा विकणारा असतो.

खरा कामाचा निघाला फ्युएल रेट, म्हणजे इंजिन ताशी किती पितंय ते. भिवंडीत गोडाऊनला नंबर लागेपर्यंत एक गाडी तीन-तीन तास चालू इंजिनवर उभी, ताशी दोन लिटरच्या आसपास. ड्रायव्हरला पंखा आणि मोबाईल चार्जिंग पाहिजे म्हणून! आणि खंडाळ्याचा घाट उतरताना न्यूट्रल मारायची सवय, डिझेल वाचतं म्हणून. स्क्रीनवर दाखवलं, गिअरमध्ये पाय उचलून उतरलं की रेट चक्क शून्य, न्यूट्रलला दीड-दोन चालूच. मामा दोन मिनिटं बघत बसले, म्हणाले तीस वर्षं उलटंच केलं की. ब्रेक तापतात ते वेगळंच. बीएस६ गाडीत धूर साफ करायला लागतो त्या युरियाची लेव्हल पण घरबसल्या दिसते, त्यामुळं रस्त्यात पॉवर कमी होऊन अडकायची भीती गेली.

न आवडलेलं: इंजिनचे एकूण तास आमच्या एका गाडीत येतच नाहीत, कारण ती तो आकडा विचारल्यावरच देते आणि क्लिपला विचारता येत नाही, ती फक्त ऐकते. तसं तेच बरं, गाडीच्या गप्पांत नाक खुपसत नाही म्हणून तर लावली. जुलैत एकीचा डेटा तीन दिवस गायब, खड्ड्यांनी झाकणाचं लॉक सैल होऊन वायर खाचेतनं निसटलेली. विकणाऱ्याला पाच फोन केले, प्रत्येकवेळी "बघतो सर". शेवटी मीच दोन केबल टाय आवळले, तेव्हापासून ठीक. वॉरंटीचं म्हणाल तर सर्व्हिसिंगला आतापर्यंत कोणी काही बोललं नाही, पण लेखी कोणी देत नाही हेही खरं.

तिन्ही गाड्यांचं ॲव्हरेज आता जवळजवळ सारखं पडतंय. चौथी जुनी, साध्या पंपाची, तिच्यात कॅनच नाही, तिथं अजून टाकीत काठी बुडवूनच बघतो.