माझ्या पोरीच्या रायफलची साईट (नेम धरायचं यंत्र) भंगार म्हणून ठेवून घेतली आणि दुसऱ्याला ओरिजनल म्हणून विकली

मी परभणीचा, पोरगी अकरावीला आहे, १० मीटर एअर रायफल खेळती. ऑगस्ट २०२४ मधी स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमधी नेमबाजीत ब्राँझ आणलं तेव्हापासून तर तिनं रेंजवर एक दिवस खाडा केला नाही. रायफल सेकंडहँड आहे, सिंगल शॉट, एक पेलेट घालायचा, मारायचा, परत घालायचा. पुण्याच्या एका सीनियर पोरीकडून घेतली होती, मागची साईट (डायऑप्टर म्हणतेत, बारीक भोकातून बघून नेम धरायचा) जर्मन ओरिजनल.

दिवाळीनंतर तिचे शॉट डावीकडं सरकायले. ती साईटचा नॉब फिरवून, क्लिक देऊन बरोबर करायची, दुसऱ्या दिवशी परत तेच. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, टार्गेटवरचं दहाचं टिंब फक्त ०.५ मिलिमीटरचं असतं आणि एका रिंगपासून दुसरी रिंग २.५ मिलिमीटरवर. पुढच्या आणि मागच्या साईटमधी समजा ८० सेंटिमीटर अंतर आहे, मागची साईट ०.१ मिलिमीटर जरी हलली तरी १० मीटरवर पेलेट सव्वा मिलिमीटर बाजूला जातो, म्हणजे अर्धा पॉइंट गेला, आणि आता स्कोअर दशांशात मोजतेत, ६० शॉटला लेकराचं किती नुकसान होईल बघा. ह्या खेळात स्कोप (दुर्बीण) चालत नाही, सगळा भार त्या बारीक भोकावर.

मी सोयाबीन विकून पैसे घेऊन संभाजीनगरला एकाकडं गेलो, शूटिंगचं सामान विकतो आणि रिपेरिंगबी करतो. त्यानं रायफल ४ दिवस ठेवून घेतली. फोन आला, "काका, आतला थ्रेड गेलाय, स्प्रिंग बसली, ही साईट आता होत नाही." नवीन इंपोर्टेड साईट १५,००० आणि खालचे उंची वाढवायचे ब्लॉक ३,५००, असे १८,५०० झाले. बिल मागितलं तर म्हणला बिल केलं की टॅक्स लागंल, काहून वाढवता. मी युपीआय केलं, नंबरबी त्याच्या दुकानाचा नव्हता, मेव्हण्याचा होता म्हणे. जुनी साईट द्या म्हणलं तर म्हणला, "भंगार आहे काका, नेऊन काय करता." आणि मी सोडून आलो. इथंच चुकलं माझं.

आठ दिवस बरं चाललं. मग ग्रुप (एका जागी पडणारे शॉट) असा फुटायला लागला की पोरगी रडायली, तिला वाटायचं आपलाच हात बिघडला. तिच्या सरांनी एक सोपं काम केलं, साईटचा क्लॅम्प (पकड) जिथं रायफलच्या वरच्या रेलवर बसतो तिथं पेन्सिलनं बारीक रेघ मारली. वीस शॉटनंतर क्लॅम्प रेघेच्या मागं सरकलेला. रेल ११ मिलिमीटर डोव्हटेलची (तिरप्या खाचेची), आणि ह्या क्लॅम्पचा जबडा तिच्यात पुरता बसतच नव्हता, नुसता कडेला चावत होता, रेलवर चरा पाडला तो वेगळाच. मग सरांनी क्लिक तपासले, १० डावीकडं, १० वर, १० उजवीकडं, १० खाली, शेवटचा शॉट पहिल्या भोकात यायला पाहिजे. आलाच नाही. नाव ओरिजनलचं, माल नकली. फोन केला तर म्हणला, "पोरगी साईट आपटत असंल."

हे इथवरच राहिलं असतं. पण विभागीय स्पर्धेत शेजारच्या लेनला जालन्याचं एक पोरगं होतं, त्याच्या साईटच्या नॉबवर लाल नेलपॉलिशचा ठिपका. माझ्या पोरीनं झिरोची (नेम बरोबर जुळतो त्या जागेची) खूण म्हणून स्वतः लावलेला. ती मला हाताला धरून घेऊन गेली, "पप्पा, ही माझी आहे." त्याच्या वडिलांना विचारलं तर त्यांनी त्याच संभाजीनगरच्या दुकानदाराकडून २२,००० ला "कमी वापरलेली ओरिजनल" म्हणून घेतलेली. आणि साईट एकदम चोख चालत होती. सर म्हणले, क्लॅम्पचा एक स्क्रू ढिला असंल फक्त, ॲलन कीनं आवळला असता तर पाच मिनिटाचं काम होतं.

त्या पोराचा बाप सज्जन निघाला, साईट आत्ताच काढून देतो म्हणला. मी नको म्हणलं, त्याच्या लेकराची मॅच चालू होती.

गावाकडच्या माझ्या मित्रालाबी ह्याच दुकानदारानं फसवलं, त्याच्या ११ मिलिमीटर रेलच्या स्प्रिंग रायफलला २१ मिलिमीटर रेलची माऊंट रिंग (स्कोप बसवायची कडी) दिली, खाली पत्र्याची पट्टी घालून. स्प्रिंग रायफलचा झटका मागं आणि पुढं दोन्हीकडं बसतो, साध्या स्कोपची आतली काच महिन्यात सैल झाली.

आता मी आणि जालन्याच्या पोराचे वडील, आम्ही दोघं बाप मिळून जिल्हा ग्राहक आयोगात जायलो. वकिलानं सांगितलं, २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येती, व्यवहार ५ लाखाच्या आतला असंल तर फी नाही, मुदत दोन वर्षं. बिल नाही, पण युपीआयची एंट्री, व्हॉट्सअपवरचे मेसेज आणि रायफल देण्याआधीचे पोरीनं काढलेले फोटो आहेत, त्यात लाल ठिपका स्पष्ट दिसतो.

जालना, बीड, हिंगोली, नांदेडकडं कुणी संभाजीनगरात साईट बदलून घेतली असंल आणि जुनी तिथंच सोडली असंल तर आधी जुने फोटो काढून बघा, साईटवर काही खूण, चरा, नंबर दिसतो का. आणि कुणी तिथून वापरलेली साईट घेतली असंल तर तिचाबी फोटो टाका इथं, कुणाची तरी असंल ती.