वायपरचा स्विच: साफ करावा, भंगारातला बसवावा की नवा आणावा?

जुन्या गाडीचा वायपर अडून बसला की गॅरेजवाल्याचं बोट आधी स्टिअरिंगजवळच्या दांडीकडे जातं. पुष्कळदा ते बरोबरच असतं. पण स्विच बदलूनही वायपर तसाच, हेही नवीन नाही. म्हणून कुठला स्विच घ्यायचा याआधी, मुळात स्विच गेलाय का ते बघा.

वायपरच्या मोटारीचा आवाज येतो पण काचेवरचे दांडे हलत नाहीत? मग स्विच निर्दोष आहे. लिंकेजचा, म्हणजे मोटार आणि दांडे जोडणाऱ्या सळ्यांचा, बुश निघालाय किंवा दांड्याचा नट सैल झालाय. एकही स्पीड चालत नसेल तर फ्यूज आणि मोटारीची अर्थिंग बघा. समुद्राजवळच्या गाड्यांत अर्थिंगच्या बोल्टखाली हिरवट गंज धरतो आणि बाहेरून काही दिसत नाही. जलद चालतो पण हळू चालत नाही, यात संशयित दोन: स्विचचा कॉन्टॅक्ट किंवा मोटारीतला हळू स्पीडचा कार्बन (फिरत्या भागाला करंट देणारा ठोकळा). मोटारीचा कपलर (वायरींचा जोड) काढून बॅटरीवरून, 15 अँपिअरचा फ्यूज मध्ये घालून, हळू स्पीडच्या पिनला थेट करंट द्या. मोटार फिरली तर दोष मागे, वायर किंवा स्विचमध्ये. फक्त थांबून-थांबून चालणारा वायपर बंद पडला असेल तर टायमर रिले (ठरावीक वेळाने करंट चालू-बंद करणारा डबा) बघा. तो काही गाड्यांत वेगळा असतो, काहींत दांडीच्याच आत. बंद केल्यावर वायपर काचेच्या मध्येच थांबत असेल तर मोटारीतला पार्क स्विच (वायपरला खाली जागेवर थांबवणारा) किंवा दांडीचा 'बंद' स्थितीतला कॉन्टॅक्ट, दोन्हींवर संशय ठेवा. बंद करूनही वायपरला जागेवर नेणारा करंट त्या कॉन्टॅक्टमधूनच जातो, हे बरेच जण विसरतात.

मल्टिमीटर असेल तर आणखी सोपं. इंजिन चालू, काच ओली, वायपर हळू स्पीडवर. स्विचमध्ये येणारी वायर आणि मोटारीकडे जाणारी वायर यांच्यामध्ये मीटर धरा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला तर आतले कॉन्टॅक्ट जळालेत. तसंच मोटारीची बॉडी आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यातही तपासा. तिथे असा आकडा दिसला तर दोष अर्थिंगचा.

हे कॉन्टॅक्ट का जळतात? जुन्या गाड्यांत मोटारीचा सगळा करंट दांडीतूनच जातो. ओल्या काचेवर तो साधारण 3 ते 5 अँपिअर असतो, कोरड्या काचेवर किंवा लिंकेज जाम झालं की बराच वाढतो. प्रत्येक वेळी बंद करताना बारीक ठिणगी पडते. त्यात खारी हवा, आणि रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला 3000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस. आतलं ग्रीस सुकून काळं होतं आणि कॉन्टॅक्टवर थर धरतं.

आता पर्याय. सगळ्यात स्वस्त अर्थातच साफसफाई. दांडी घट्ट बसते, प्रत्येक खटका नीट लागतो, फक्त करंट कधी जातो कधी नाही, अशा स्विचला नवा घेण्याची घाई करू नये. बॅटरीचं निगेटिव्ह काढा, स्टिअरिंग कॉलमचं कव्हर खालचे स्क्रू काढून खोला, कपलरचा फोटो काढून ठेवा. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असेल आणि स्विचसाठी स्टिअरिंग उतरवावं लागत असेल तर हे काम घरी करू नका. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून दांडी प्रत्येक स्थितीत वीस-पंचवीस वेळा फिरवा, अर्धा तास वाळू द्या. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे इथे मारू नये. तो सुरुवातीला गुण देतो, पण मागे राहिलेलं तेल धूळ धरून ठेवतं.

फवाऱ्याने भागलं नाही तर स्विच खोलावा लागतो, आणि तो पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालूनच खोलावा. आतली बारीक गोळी आणि स्प्रिंग उडाली की खळ्यातल्या मातीत शोधत बसावं लागतं. जुनं ग्रीस आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कॉन्टॅक्ट पेन्सिलच्या खोडरबराने घासा. फारच काळे असतील तर 1000 नंबरचा पॉलिश पेपर दोन-तीन वेळा, हलक्या हाताने. जाड पेपर लावला तर वरचा चांदीचा थर निघतो आणि खालचं पितळ लवकर काळं पडतं. नंतर प्लास्टिकला चालणारं सिलिकॉन ग्रीस, तांदळाच्या दाण्याएवढं. चॅसिसचं ग्रीस नको. खटक्याची खाच झिजली असेल किंवा प्लास्टिकचा कान मोडला असेल, तर मात्र ही मेहनत वाया. उन्हात तापलेल्या गाडीत गोंद टिकत नाही.

कपलरचं प्लास्टिक वितळलेलं दिसलं तर कुठलाही पर्याय निवडा, आधी ते टर्मिनल कापून नवं बसवा. नाहीतर नवा स्विचही तिथेच तापेल.

भंगारातला स्विच ओरिजिनल मालाचा म्हणून मोह पडतो. मोह वाईट नाही, फक्त गाडी कुठली होती ते विचारा. तुम्ही कोकणात असाल तर एमएच 07 किंवा 08 च्या, म्हणजे सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या, गाडीचा स्विच बहुधा तुमच्यासारखीच खारी हवा खाऊन आलेला असतो. तोच एमएच 09 चा, म्हणजे घाटावरचा, कोल्हापूरचा असेल, तर आतून बरा निघण्याची शक्यता जास्त. पिना मोजा, मागच्या काचेचा वायपर आणि थांबून चालण्याची सोय तुमच्या गाडीसारखीच आहे ना ते पाहा. कपलर सारखा दिसला तरी आतल्या वायरी वेगळ्या असू शकतात. दुकानातच मीटर लावून प्रत्येक स्थिती तपासा. परत घेण्याची बोली नसेल तर सोडून द्या.

नव्यात ओरिजिनल आणि लोकल. बंद झालेल्या मॉडेलचा ओरिजिनल मिळाला तर पैशांकडे फार बघू नका. कॉन्टॅक्ट आणि खटका दोन्हींत फरक पडतो. लोकल स्विचमध्ये फसगत होते ती पातळ कॉन्टॅक्टमुळे आणि इंडिकेटर आपोआप परत न येण्यामुळे. दोन्ही दांड्या एकाच युनिटमध्ये असतील तर वायपरपायी चांगला चालणारा लाइटचा स्विचही बदलला जातो, आणि हेडलाइटचा भार त्या लोकल मालावर पडतो. तिथे जुना खोलून साफ करणंच शहाणपणाचं.

रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, लावणं हा चौथा मार्ग. दांडीवर फक्त रिलेच्या कॉइलचा थोडासा करंट येतो, त्यामुळे लोकल किंवा साफ केलेला स्विचही खूप टिकतो. पण एका रिलेत हे काम होत नाही. पाच पिनांचे दोन लागतात: पहिला बॅटरी आणि पार्कच्या वायरीत निवड करतो, दुसरा हळू आणि जलद यांत. पहिल्याची कॉइल दोन्ही स्पीडच्या वायरींना वेगवेगळ्या डायोडमधून जोडायची, आणि पार्कची वायर दांडीतून सोडवून पहिल्या रिलेच्या 87ए पिनला द्यायची. घाईत एकच रिले ठोकला तर वायपर जागेवर थांबत नाही किंवा जलद स्पीडला दोन्ही कार्बनना करंट जाऊन मोटार तापते. टायमरवाल्या गाडीत हे वायरिंग त्याच्याशी जुळवावं लागतं. सर्किट वाचता येणारा वायरमन ओळखीचा असेल तरच या वाटेला जा.

गाडी बाजारापुरती फिरत असेल आणि खटके शाबूत असतील तर साफसफाई पुरे. पावसात रात्री आंबोली किंवा आंबा घाट चढायचा असेल तर नवा ओरिजिनल; तो मिळत नसेल तर घाटावरचा जुना, साफ करून, रिलेसकट. पंधरा वर्षं झालेली गाडी पुन्हा नोंदणीला न्यायची असेल तरी वायपर चालूच लागतो, केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 101 वा नियमच तो आहे. तिथे स्विच कुठला हे कुणी विचारत नाही.

काहीही बसवा, तपासणी मिरगाआधी करा आणि काच ओली करून करा. हेडलाइट, ब्लोअर आणि वायपर एकदम लावून दहा मिनिटं चालवा, मग कपलरला हात लावा. कोमट ठीक, चटका बसला तर परत खोला.